दुधनीची वरात आणि सरकत्या नळीचा सूर

सोलापुराहून गाणगापुरास जाणाऱ्या भाविक मंडळींच्या लेखी दुधनी ही केवळ एक पाटी आहे. होटगी मागे पडते, तिलाटी जाते, अक्कलकोट रोड आले की श्रीस्वामीसमर्थांच्या स्मरणाने डब्यातील हात आपोआप जुळतात. नंतर नागणसूर, बोरोटी ही लहान स्थानके येतात नि जातात, आणि पिवळ्या पाटीवरील काळ्या अक्षरांत दुधनीचे नाव दिसते न दिसते तोच मंडळी पुढील संगमस्नानाच्या विचारात गढून गेलेली असतात. दत्तभक्तांना भीमा-अमरजेचा संगम दिसावा आणि वाटेतले गाव दिसू नये यात नवल नाही. यात्रेकरूची दृष्टी नेहमी शेवटच्या पायरीवर असते. परंतु वाटेतल्या गावी उतरण्याचा योग आला, तर क्षेत्राच्या ठिकाणी जे शिकावयास मिळत नाही ते कधी कधी तेथे मिळून जाते.

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातील, महाराष्ट्राच्या अगदी कडेवरचे गाव. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० साली सोलापुरास पोचला आणि १८७१ साली रायचुरास मद्रासकडून आलेल्या मार्गास मिळाला; त्या अकरा वर्षांच्या अवधीत केव्हातरी या माळावर आगगाडीची पहिली शिटी वाजली. आज येथे नगरपरिषद आहे आणि कृषी उत्पन्न बाजार समितीही आहे. तुरीचे भाव सांगणाऱ्या रोजच्या याद्यांत दुधनीचे नाव येते, आणि मोठ्या शहरांतील पुष्कळ लोकांना या गावाची ओळख आहे ती एवढीच. काळ्या जमिनीत ज्वारी, तूर, हरभरा पिकावा, पौष-माघात तो बाजारात यावा, आणि चैत्र-वैशाखात त्याच पैशांवर घरोघरी लग्ने उभी राहावीत, असा येथील वर्षाचा क्रम. कर्नाटकाची सीमा हाकेच्या अंतरावर असल्यामुळे एकाच ओट्यावर भाव मराठीत बोलला जातो, घासाघीस कानडीत होते आणि हिशेब पुन्हा मराठीत लिहिला जातो. आजोबांना 'अज्जा' आणि थोरल्या माणसाला 'अण्णा' म्हणणारी घरे येथे मराठी वर्तमानपत्र वाचतात. दोन भाषांच्या या नांदण्यात कोणास काही विशेष वाटत नाही, हेच येथील विशेष होय.

आमचे एक वृद्ध स्नेही येथे आडतीचा धंदा करतात. सारा गाव त्यांना अण्णा म्हणतो, म्हणून आम्हीही येथे त्यांचा उल्लेख तसाच करतो. त्यांच्या थोरल्या नातवाच्या लग्नाचे निमंत्रण आले, आणि वैशाखातील ऊन ठाऊक असूनही ते मोडवेना. अण्णांचे कुटुंब एकत्र आहे. तीन मुलगे, तीन सुना, नातवंडे मिळून चौदा माणसे एका चुलीवर जेवतात. अशा घरातील लग्न म्हणजे काय धांदल, हे आमच्या वाचकांस, आणि विशेषतः वाचकभगिनींस, सांगावयास नको. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन दुपारी सोप्यात आडवे व्हावे असा आमचा विचार होता. पण बाहेरील कडुनिंबाखाली बँडवाल्यांनी आपली तयारी आरंभिली, आणि त्या आवाजात निजणे शक्य नाही असे पाहून आम्ही उठून तेथे जाऊन बसलो.

हल्ली आपल्या लहान गावांतील बँडाचे रूप पार पालटले आहे. पूर्वी क्लॅरिनेट, ट्रम्पेट, मोठ्या घशाचा युफोनियम, मांडीएवढ्या पिपाण्या आणि दोन-तीन ढोल असले की बँड झाला. आता सर्वांच्या मध्यभागी एक चाकांची गाडी असते. तिच्यावर कर्णे, दिव्यांच्या माळा, जनित्र, आणि विजेवर चालणारी एक सपाट पेटी. ही पेटी कोणत्याही कारखान्याची असो, लोक तिला 'कॅसिओ' म्हणतात. ती वाजविणारा बहुधा पंचविशीच्या आतला तरुण. फुंकणारे आठ जण छाती फुटेस्तोवर फुंकतात, आणि हा एका बोटाने त्या सर्वांना झाकून टाकतो. अण्णांच्या दारचा बँड वरकरणी तसाच होता. फरक एकच दिसला. या बँडाचे मास्तर सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ होते आणि त्यांच्या हाती ट्रॉम्बोन होता, तोही खरा, सरकत्या नळीचा.

हे वाद्य ज्यांनी जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे जरूर आहे. ट्रम्पेटला तीन खुंट्या असतात. त्या दाबल्या की नळीची लांबी ठरावीक प्रमाणात वाढते आणि ठरावीक सूर निघतो. ट्रॉम्बोनला खुंट्या नसतात. एका नळीवर दुसरी नळी बसविलेली असते, आणि वाजविणारा ती बाहेरची नळी हाताने पुढे-मागे सरकवितो. या सरकण्याची सात स्थाने मानलेली आहेत, परंतु नळीवर त्यांच्या खुणा मात्र कोठेही केलेल्या नसतात. सूर नेमका कोठे आहे ते कानानेच ओळखावे लागते, जसे गवयाला ओळखावे लागते. म्हणून एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणारी आपली मींड साऱ्या पितळी वाद्यांत ह्याच वाद्यावर सहज निघते. हे वाद्य युरोपात पंधराव्या शतकापासून आहे. पुष्कळ काळ ते देवळांतील गायनाच्या साथीला राहिले, आणि बेथोव्हेनने १८०८ साली आपल्या पाचव्या सिंफनीच्या अखेरच्या भागात त्याला मानाचे स्थान दिले. ज्यांच्या घरी चाळीस सालच्या सुमारास ग्रामोफोन होता, त्यांच्यापैकी काहींनी ग्लेन मिलर आणि टॉमी डॉर्सी ही अमेरिकन नावे ऐकली असतील. त्या दोघांचेही मोठे जाझ वाद्यवृंद त्या काळी जगभर गाजत होते, आणि ते दोघेही ट्रॉम्बोनवादकच होते.

कडुनिंबाखाली चाललेली तयारी ऐकताना प्रथम काही तरी बोचत होते. कॅसिओ एका सुरात आणि फुंकणारी मंडळी किंचित वरच्या सुरात, असे चालले होते. आम्हांस वाटले, फुंकणारे कच्चे असावेत. मास्तरांनी हात वर करून सर्वांना थांबविले आणि पेटीवाल्या पोराकडे पाहून म्हणाले, "चढव." पोराने कसली तरी कळ दोनदा दाबली. पुन्हा सूर धरला. "अजून थोडं." पुन्हा कळ दाबली गेली, आणि सारे एकदम असे जुळून आले की झाडाखालची मुले नाचता नाचता थांबली.

आम्ही न राहवून विचारले, "मास्तर, फुंकणाऱ्यांना खाली का नाही आणलंत? पेटी तर बरोबर असणार."

मास्तर हसले. "साहेब, या उन्हात पितळ चढतं. पेटी सावलीतल्या सुराला धरून बसते. तिला ऊन कळत नाही. मग माणसानं उतरायचं की पेटीनं चढायचं? आमच्यात पेटी चढते. रात्री वरात निघाली, वारं सुटलं, की पुन्हा तिला खाली आणायचं."

मास्तरांचे बोलणे शास्त्रास धरून होते. हवा तापली म्हणजे तीतून ध्वनी अधिक वेगाने जातो. दर अंशामागे हा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो, आणि फुंकून वाजविण्याच्या वाद्याचा सूर त्याबरोबर वर सरकतो. विजेच्या पेटीतील सूर मात्र यंत्राने बांधलेला असल्यामुळे उन्हात आणि थंडीत तोच राहतो. ट्रम्पेटवाल्यास आपली जोडनळी ओढून काही अंशी सावरता येते. ट्रॉम्बोनवाल्याचा हात तर सारा वेळ सुरावरच असतो, त्यामुळे तो वाजविता वाजविताच सावरून घेतो. साहजिकच सूर कोठे आहे आणि कोणी किती सरकावे, याची सर्वांत अधिक जाण त्यालाच असते. त्या बँडाचे पुढारपण मास्तरांकडे का आहे, ते आम्हांस तेव्हा उमगले. ते फार मोठ्याने वाजवीत नव्हते. मधूनच एखादा लांब, जाड सूर ते खालून असा घालीत की वरची सारी गडबड त्यावर नीट बसे. एकत्र कुटुंबात एखादे थोरले माणूस दिवसभरात चार वाक्ये बोलते आणि घर त्या चार वाक्यांवर चालते, त्याची आठवण झाल्याखेरीज राहिली नाही.

रात्री वरात निघाली. वेशीपासून अण्णांच्या दारापर्यंत अंतर ते किती! पण त्यास दीड तास लागला. कधी मराठी गाणे, कधी कानडी, मध्येच एखादा अभंग, पुन्हा सिनेमातील ठेका. ज्याला जे हवे ते तो मास्तरांच्या कानाशी येऊन सांगे आणि मास्तर मान हलवीत. वारा सुटताच त्यांनी पोराला दोन बोटे दाखविली आणि पेटी दोन पायऱ्या खाली आली. वरातीतील शंभर माणसांपैकी हे कोणाच्याही ध्यानात आले नसेल. त्यांना एवढेच जाणवले की आज बँड गोड वाजतो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँडवाले हिशेबासाठी आले. अण्णांचा धाकटा नातू पुण्यास अभियांत्रिकी शिकतो आणि त्यास पाश्चात्य संगीताचा मोठा नाद आहे. तो मास्तरांपाशी येऊन म्हणाला, "मास्तर, तुमच्या वाद्याच्या एका माणसाची ध्वनिमुद्रिका ऐकवतो." आणि त्याने आपल्या फोनला एक लहानसा कर्णा जोडून सोप्यात ती लावली.

ती ध्वनिमुद्रिका पेटर हेर्बोल्झहाइमर याच्या वृंदाची होती. हा गृहस्थ १९३५ साली बुखारेस्टला जन्मला. रुमानियातून तो पश्चिम जर्मनीत आला, काही वर्षे अमेरिकेत राहिला, तेथे गिटार वाजवीत असे, आणि १९५७ साली जर्मनीस परतल्यावर त्याने ट्रॉम्बोन हाती धरला. १९६९ साली त्याने स्वतःचा वृंद उभारला. त्याचे नावच मुळी 'रिदम कॉम्बिनेशन अँड ब्रास' असे होते, म्हणजे ठेक्याचा मेळ आणि पितळ. मोठ्या जाझ वृंदात सॅक्सोफोनची एक पुरी रांग असते. ती त्याने ठेवली नाही. तिच्या ऐवजी पितळी वाद्यांचा भरणा केला आणि खाली विजेचा पियानो, ऑर्गन, विजेची गिटार आणि तालवाद्ये यांचा भरभक्कम पाया घातला. जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्ट प्रदेशातील एम. पी. एस. या ध्वनिमुद्रण संस्थेने १९७१ साली 'माय काइंड ऑफ सनशाइन' आणि त्यापुढील वर्षांत त्याच्या आणखी ध्वनिमुद्रिका काढल्या. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकच्या उद्घाटनसमयी देशोदेशींच्या पथकांचे संचलन ज्या संगीतावर झाले, ते सिद्ध करण्यातही त्याचा हात होता. तीही एक वरातच म्हणावयाची! पुढे १९८७ पासून पुष्कळ वर्षे त्याने जर्मनीतील तरुण वादकांच्या राष्ट्रीय जाझ वृंदाला शिकविले, आणि २०१० साली तो निवर्तला.

विजेची वाद्ये मोठ्या वृंदात आणण्याचा तो काळच होता. अमेरिकेत डॉन एलिस या ट्रम्पेटवादकाने १९६७ साली 'इलेक्ट्रिक बाथ' ही ध्वनिमुद्रिका केली. तीत विजेची वाद्ये आहेत, आणि आपल्या तालांसारख्या विषम मात्रांच्या रचनाही आहेत. त्या मात्रांचा हिशेब तो हरिहर राव या भारतीय वादकापासून शिकला होता. म्हणजे आपल्या दुधनीच्या गाडीवर आज जे दिसते, फुंकणारे वर आणि वीज खाली, त्याचा विचार जगातील चांगल्या चांगल्या डोक्यांनी पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी केलेला आहे.

मास्तर भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. पहिली दोन मिनिटे चेहऱ्यावर काहीच दिसले नाही. मग एके ठिकाणी पितळी रांगेने एकदम उसळी घेतली आणि विजेचा ठेका क्षणभर खाली दबला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"धाकले मालक, ते परत लावा."

पुन्हा लावले. मास्तर म्हणाले, "बघा, इथं पेटीवाला थांबला. कोणी थांबवलं त्याला? यानंच. हा स्वतः किती थोडं वाजवतो! पण कोणी कधी बोलायचं, कोणी कधी गप्प बसायचं, ते सगळं यानं आधी लिहून ठेवलंय." थोडे थांबून ते हळूच म्हणाले, "आमच्यात आता उलटं होत चाललंय, साहेब. पेटीवाल्याच्या ताब्यात फुंकणारे. बोलावणारा विचारतो, कर्णे किती? किती माणसं फुंकणार, हे कोणी विचारत नाही. माझी तीन पोरं गेली. एक सोलापूरला रिक्षा चालवतो. दम होता त्याच्यात."

आम्हांस काय बोलावे ते सुचेना. नातवाने फोन बंद केला.

मास्तर जे सांगत होते त्याची मुळे खोल आहेत. पाश्चात्य बँड आपल्याकडे फौजांबरोबर आला आणि संस्थानिकांनी त्यास आश्रय दिला. तंजावरचे सरफोजी राजे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच आपल्या दरबारी पाश्चात्य वाद्यांचा वृंद ठेवला होता, ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशीच आहे. मेरठसारख्या ठिकाणी ही वाद्ये बनविण्याचे कारखाने निघाले. तेथील नादिर अली यांचा कारखाना १८८५ पासूनचा. राजांच्या दारचा बँड मग आपल्या लग्नांत आला, आणि पुण्याच्या प्रभात बँडासारख्या मंडळींनी त्यावर भजने आणि राग वाजवून दाखविले. प्रभात बँड चालविणाऱ्या घराण्याचे आडनाव सोलापूरकर आहे, हेही या प्रसंगी आठवते.

दुसरी वाट मुंबईच्या चित्रपटसंगीताची. गोव्यातील ख्रिस्ती मुले चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकत आणि मुंबईस येऊन हॉटेलांतील जाझ वृंदांत वाजवीत. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी या मंडळींचे गुण ओळखले. १९५१ सालच्या 'अलबेला'त त्यांनी चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेल्या गोवेकर ट्रम्पेटवादकास आणि त्याच्या सोबत्यांस केवळ वाजवावयास लावले नाही, तर पडद्यावरही आणले. पुढे राहुलदेव बर्मन यांच्या मोठ्या वृंदात विजेची गिटार आणि ऑर्गन आले, त्यांच्याबरोबर पितळही राहिले. ब्लास्को मॉन्सोरेट यांचा ट्रॉम्बोन त्यांच्या ध्वनिमुद्रणांत वाजला. हेर्बोल्झहाइमर जर्मनीत जे करीत होता, जवळजवळ तेच त्याच दशकात मुंबईत चालले होते. भेद एवढाच की तेथे ट्रॉम्बोन वाजविणाऱ्याचे नाव मुद्रिकेच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापले गेले. येथे संगीतकाराचे नाव छापले, गायकाचे छापले, आणि फुंकणाऱ्यांची नावे बहुधा कोठेच आली नाहीत. ती गाणी आपण सारे गुणगुणत आलो. फुंकले कोणी, हे कधी विचारले नाही.

आणि मुंबईवर तरी दोष कसा ठेवावा? आपल्या स्वतःच्या मांडवात काय होते? सनई आणि डफ वाजविणारे, पुढे बँड वाजविणारे लोक बहुधा मांग, होलार अशा जातींतले, किंवा मुसलमान. त्यांच्या सुरावाचून आपले मंगल कार्य पुरे होत नाही, आणि त्यांना मांडवाच्या आत पाट मिळत नाही. वधू लक्ष्मीच्या पावलांनी घरात येते ती त्यांच्या सुरावर; पण सूर संपला की ते मागच्या अंगणात, शेवटच्या पंगतीनंतर, उरलेसुरले जेवतात. शिकल्यासवरलेल्या घरांनीही ही रीत बिनदिक्कत चालविली. मग अशा धंद्यात मास्तरांच्या मुलाने राहावे तरी कशासाठी? कर्ण्यांनी त्यांची भाकरी हिरावली हे खरे, पण कर्ण्यांच्या आधी आपण त्यांचा मान हिरावून घेतला होता.

त्या सकाळी सोप्यात आणखी एक प्रश्न निघाला. पुढील वर्षी दुसऱ्या नातवाचे लग्न. तरुण मंडळींना त्यासाठी डीजे हवा होता. डीजे म्हणजे वाजविणारे कोणीच नाही, नुसते कर्णे. अण्णांचे मधले चिरंजीव म्हणाले, "जमाना बदलला आहे, अण्णा. पोरांची हौस आहे. खर्चही फारसा वेगळा नाही." अण्णा गप्प बसले. ते बहुधा नातवांच्या विरुद्ध जात नाहीत.

थोरल्या सूनबाई ताटे घेऊन बाहेर आल्या होत्या. त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या, "या घरात आम्ही चौदा माणसं आहोत. उद्या प्रत्येकाच्या हाती एकेक कर्णा दिला, तर जेवायला चला म्हणून मी हाक मारलेली कोणाला ऐकू जाईल?"

सगळे हसले, मधले चिरंजीवही हसले. पण सूनबाई हसल्या नाहीत. त्यांनी ती ताटे सोप्यातच, भिंतीकडेने, आमच्या ओळीला लावून मांडली. मोजून पाहिली तर आम्ही बसलो होतो त्याहून नऊ ताटे अधिक होती. मास्तर, पेटीवाला पोरगा आणि सारे फुंकणारे, वाजविणारे त्या ओळीत बसले. पहिल्या ताटात हुग्गी वाढली गेली तेव्हा मास्तर थोडे अवघडले, मग अण्णांकडे पाहून जेवू लागले. याविषयी कोणी एक शब्द बोलले नाही. आम्ही अण्णांच्या घरी तीस वर्षे येतो-जातो. असे पूर्वी कधी पाहिले नव्हते. जेवता जेवता धाकटा नातू मास्तरांना ट्रॉम्बोनच्या सात स्थानांविषयी विचारीत होता, आणि मास्तर भाकरीचा तुकडा नळीसारखा पुढे-मागे सरकवून त्याला ती दाखवीत होते. पेटीवाला पोर ते कान टवकारून ऐकत होता. आम्हांस विशेष संतोष वाटला तो याचा. वीज त्याच्या हाती आहे, म्हणून हे शिकण्याची गरजही सर्वांत अधिक त्यालाच आहे.

दुसऱ्या लग्नात डीजे येणार की बँड, याचा निर्णय आम्ही निघेपर्यंत झाला नव्हता. तो त्या घराने करावयाचा आहे, आणि घरे असे निर्णय सावकाशच करतात. वीज नको, जुने तेवढे सोने, असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. मास्तरही तसे म्हणत नव्हते. त्यांना पेटी हवीच होती. पेटीने माणसाचा सूर ओळखून चढावे-उतरावे, एवढीच त्यांची अट होती. हेर्बोल्झहाइमरने म्यूनिक आणि हँबुर्गसारख्या शहरांतील नामांकित वादकांना घेऊन जे साधले, त्याचे मर्म दुधनीच्या एका मास्तरास कडुनिंबाखाली, बेचाळीस अंशांच्या उन्हात, स्वतःच्या कानाने सापडलेले आहे. ते टिकावे असे वाटत असेल तर ते केवळ त्यांच्यावर सोपवून चालणार नाही.

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी येत्या मोसमात मंगल कार्य आहे, त्यांस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. बँड ठरविताना कर्णे किती हे विचारू नका. फुंकणारे किती आणि मास्तर कोण, हे विचारा. आणि पाने मांडताना त्यांची संख्या आधीच धरून पाने मांडा. पहिल्या गोष्टीने त्यांच्या घरची चूल पेटेल. दुसरीने कदाचित त्यांच्यापैकी एखाद्याचा मुलगा रिक्षा सोडून पुन्हा नळी हाती धरील. गाणगापुरास जाणाऱ्यांनी वाटेत दुधनीस उतरावेच असा आमचा आग्रह नाही. परंतु गाडी तेथे थांबली आणि दूर वेशीकडून पितळेचा एखादा लांब, जाड, घसरत येणारा सूर कानी पडला, तर डब्यातील बोलणे क्षणभर थांबवून तो ऐकावा. तो सूर लावणाऱ्याने आदल्या घटकेस ऊन किती आहे, वारा किती आहे आणि आपल्या माणसांच्या छातीत दम किती उरला आहे, एवढ्या साऱ्याचा अंदाज घेतलेला असतो.